काळ्या प्लास्टिकवर मशीन फिरवण्याआधी: नवशिक्या डिटेलरसाठी

कसारा लोकलने आसनगाव सोडलं की ज्यांचं नेट गंडतं, त्यांच्यासाठी हाही भाग नेहमीसारखा लिहून काढलाय. बोललो तसंच ठेवलंय, मधले "अं… आं" तेवढे कापलेत.

विषय आहे गाडीचं मऊ प्लास्टिक. म्हणजे दोन दारांच्या मधली काळी चकचकीत पट्टी, गियरच्या भोवतीचं काचेसारखं काळं पॅनल, मीटरवरची पारदर्शक काच (जी काच नसतेच), दारावरचे पावसाळी व्हायझर, आणि बंपरच्या खालचं दाणेदार काळं क्लॅडिंग. सगळ्याला आपण "प्लास्टिक" म्हणतो आणि सगळ्यावर एकच फडकं फिरवतो.

शहापूर, किन्हवली, सरळगाव, मुरबाड, या रस्त्याने जाताना वॉशिंग सेंटरच्या पाट्या दिसतात. एक प्रेशर पंप, एक व्हॅक्यूम, एक पाण्याची टाकी, की धंदा सुरू. मग कधीतरी पोरगा ऑनलाइन पॉलिशिंग मशीन मागवतो, चार व्हिडिओ बघतो, आणि गिऱ्हाईक म्हणतं, "दारामधल्या त्या काळ्या पट्टीवर लय चरे पडलेत, जरा चमकवून दे ना." इथे घोळ होतो. पत्र्यावरचा रंग बिघडला तर डेंटिंग-पेंटिंगवाला आहे. प्लास्टिकची पट्टी मशीनने भाजली किंवा तिच्यावरची दाणेदार नक्षी सपाट झाली, तर ती परत येत नाही. नवा पार्ट आणावा लागतो. ज्याची कमाई दिवसाच्या दोन-तीन गाड्यांवर आहे त्याच्या खिशातून पार्टचे पैसे गेले, की आठवड्याची मेहनत गेली. आणि "त्याने माझी गाडी बिघडवली" ही बातमी एसटी स्टँडवरून आसनगाव स्टेशनच्या रिक्षांपर्यंत संध्याकाळच्या आत पोचते.

म्हणून पहिलं वाक्य डोक्यात बसवा. पॉलिश करणं म्हणजे काही लावणं नव्हे, काढणं. पॉलिशमध्ये बारीक कण असतात. ते चऱ्याच्या आजूबाजूचा थर घासून चऱ्याच्या तळापर्यंत खाली आणतात, आणि पृष्ठभाग सपाट झाला की चरा "गेला" असं आपल्याला वाटतं. खरं तर चरा गेला नाही, त्याच्या बाजूचं प्लास्टिक गेलं. आता सांगा, दाणेदार बंपरवर हे केलं तर काय जाईल? दाणेच जातील.

आधी ओळख, मग हात

सुट्ट्या पार्टच्या मागच्या बाजूला इंग्रजी अक्षरांत साच्यातूनच उठलेली एक खूण असते. फोनचा टॉर्च लावून फोटो काढा आणि झूम करा. तिथे पीपी, एबीएस, पीसी, पीएमएमए असं काहीतरी दिसेल. पीपी म्हणजे पॉलिप्रोपिलीन. बंपर आणि क्लॅडिंग बहुतेक याचंच, बरोबर थोडं रबर मिसळलेलं. काही पार्टवर टी२० असंही लिहिलेलं असतं. ते क्रिकेट नव्हे. त्यात वीस टक्के टाल्क, म्हणजे आपल्या शंखजिऱ्याची पूड, मिसळलेली आहे. असल्या प्लास्टिकला नख किंवा चावी लागली की पांढरी रेघ दिसते ती यामुळेही. ती रेघ पॉलिशने जात नाही, म्हणून उगाच घासत बसू नका.

एबीएस म्हणजे आतली पॅनलं, ग्रिल, क्रोम चढवलेले लोगो. पीएमएमए म्हणजे ॲक्रिलिक. चकचकीत काळ्या पट्ट्या कधी ॲक्रिलिकच्या असतात, कधी एबीएसवर रंग आणि क्लिअर कोट मारलेला असतो. पीसी म्हणजे पॉलिकार्बोनेट, हेडलाइटची "काच".

पार्ट सुटा करून बघणं नेहमी जमत नाही, आणि नवशिक्याने क्लिपा उपटायला जाऊही नये. मग डोळ्यांनी ओळखा. मला विचाराल तर चारच प्रश्न पुरतात. पृष्ठभाग दाणेदार आहे की आरशासारखा? आरशासारखा असेल तर कडेला रंगाचा थर किंवा ओघळ दिसतो का? कडेला फिल्मची किनार नखाला लागते का? आणि आरपार दिसतं का?

दाणेदार असेल तर पॉलिश नाही, विषय संपला. फक्त साफसफाई आणि ड्रेसिंग. फिल्म किंवा टेप असेल (कित्येक गाड्यांना दारांमधल्या खांबावर कंपनीतूनच मॅट काळी टेप येते) तर तिथेही मशीन नाही, कड उचलली गेली की ती परत चिकटत नाही. रंग आणि क्लिअर कोट असेल तर काम करता येतं, पण क्लिअर कोट साधारण ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्यावरच्या केसापेक्षाही पातळ. साच्यातूनच काळं आलेलं ॲक्रिलिक असेल तर आतपर्यंत तोच रंग असतो, त्यामुळे आरपार घासून खालचा वेगळा रंग निघायची भीती नाही. पण ते मऊ असतं आणि उष्णतेला घाबरतं.

सह्याद्रीचा दगड आणि आपलं फडकं

गाडी नवी असते तेव्हा त्या काळ्या पट्ट्या आरशासारख्या असतात. सहा महिन्यांत त्यांच्यावर कोळ्याचं जाळं दिसायला लागतं. मालक म्हणतो, "कुणी ओरखडे मारले काय माहीत." कुणी मारले नाहीत. रोज सकाळी कोरड्या फडक्याने गाडी पुसणाऱ्याने मारले, बिचाऱ्याने मनापासून.

आपल्याकडचा दगड म्हणजे बेसॉल्ट, सह्याद्रीचा काळा पाषाण. रस्त्याची खडी तीच. त्या धुळीतलं फेल्डस्पार हे खनिज कठीणपणात सहाच्या आसपास येतं. साध्या चाकूचं पोलाद साडेपाचच्या आसपास. म्हणजे शहापूरच्या हायवेवर किंवा मुरबाडहून माळशेजकडे जाताना गाडीवर जी धूळ बसते, तिच्यातले कण चाकूवर चरा पाडू शकतात. मग ॲक्रिलिकचं काय घेऊन बसलात? म्हसाच्या जत्रेच्या मैदानात दिवसभर गाडी उभी करून आलात आणि घरी येऊन गमछाने पुसलीत, तर तुम्ही तिला सँडपेपरच मारला.

म्हणून पॉलिश राहू द्या, आधी धुणं शिका. सावलीत, थंड गाडीवर. आधी नुसत्या पाण्याने माती वाहू द्यायची, मग शाम्पूचा फेस, मग स्वच्छ मायक्रोफायबरने वरून खाली. प्लास्टिकच्या पट्टीसाठी फडकं वेगळं ठेवा. चाकाला वापरलेलं फडकं धुऊनसुद्धा तिथे आणायचं नाही, त्यात ब्रेकची लोखंडी पूड अडकलेली असते. पुसताना दाबायचं नाही, फडकं पसरून ठेवायचं आणि ओढायचं.

बोअरच्या पाण्याचं एक वेगळंच दुखणं आहे. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त. उन्हात गाडी धुतली की थेंब जागेवर सुकतो आणि पांढरी गोल रिंगण उरतात. लोक त्याला चरे समजून पॉलिशला हात घालतात. आधी पांढरं व्हिनेगर आणि पाणी सारख्या मापाने घेऊन, ओल्या फडक्याने अर्धा मिनिट लावून, भरपूर पाण्याने धुऊन बघा. अर्धं काम तिथेच होतं, आणि एक मायक्रॉनही घासावा लागत नाही.

हाताने सुरुवात

समजा आता ती पट्टी धुतली, वाळवली, आणि चरे खरेच आहेत. आधी फोनने फोटो काढा. टॉर्च तिरका धरून, जवळून. हे दोन कारणांसाठी. एक, काम झाल्यावर फरक कळतो. दोन, आणि धंद्यासाठी हेच महत्त्वाचं, गाडी तुमच्याकडे आली तेव्हा काय अवस्था होती त्याचा पुरावा राहतो. फोटो मालकाला तिथेच व्हॉट्सॲप करा. नंतर वाद होत नाही.

मग नखाची परीक्षा. चऱ्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकलं तर तो चरा खोल आहे, त्याच्या मागे लागायचं नाही. नख घसरून गेलं तर काम होण्यासारखं आहे.

पट्टीच्या भोवती मास्किंग टेप लावा. रबराची बीडिंग, बाजूचं दाणेदार प्लास्टिक, काचेची कड, सगळं झाका. पॉलिश दाण्यांमध्ये गेलं की सुकून पांढरं होतं आणि मग टूथब्रश घेऊन तासभर बसावं लागतं. टेप लावायला लागतात तीन मिनिटं.

आता सगळ्यात सौम्य साहित्याने सुरू करा. मऊ फोमचा छोटा ॲप्लिकेटर आणि फिनिशिंग पॉलिश. कंपाउंड नाही. दुकानदार तुम्हाला कंपाउंडच देईल, कारण पत्र्यावर ते झटपट काम करतं. ते सध्या बाजूला ठेवा. वाटाण्याएवढे दोन-तीन थेंब, एका वेळी तळहाताएवढी जागा, ती पण पट्टीच्या खालच्या टोकाला, जिथे सहज नजर जात नाही. हलक्या हाताने, सरळ रेषेत वर-खाली. गोल गोल नाही, कारण आपल्या हातून काही खुणा राहिल्याच तर सरळ रेषेतल्या खुणा कमी नजरेत येतात, गोल खुणा प्रत्येक दिव्याखाली चमकतात. वीस-पंचवीस वेळा फिरवा, ओलसर असतानाच स्वच्छ मायक्रोफायबरने अलगद उचला, टॉर्च मारून बघा.

आणि आता तो क्षण येतो जिथे बहुतेक नवीन पोरं घाबरतात. चरे कमी झालेले असतात पण पृष्ठभागावर धुरकट पडदा दिसतो. वाटतं, बिघडवलं. बिघडलेलं नसतं. मऊ प्लास्टिकचा तो स्वभाव आहे. ते इतकं मऊ की पॅडचा फोम आणि पुसायचं फडकंसुद्धा त्याच्यावर अतिबारीक रेघा पाडतात. उपाय जोर लावणं हा नाही, उलटा आहे. अजून मऊ पॅड, अजून थोडं पॉलिश म्हणजे ओलावा जास्त, आणि दाब जवळजवळ शून्य. फडकं नवं, लेबल कापलेलं, आणि ते धुताना फॅब्रिक कंडिशनर न घातलेलं. शेवटच्या फेरीला पॅडचं वजन तेवढाच दाब.

जेवढं गेलं तेवढं गेलं. दहातले सात चरे गेले तर थांबा. उरलेल्या तिनांसाठी दुप्पट घासणं हा तोट्याचा धंदा आहे, कारण पट्टीची जाडी संपते आणि मालकाला तो फरक दिसतही नाही. मी तर म्हणेन, थांबता येणं हेच या कामातलं अवघड कौशल्य आहे, मशीन चालवणं त्यामानाने सोपं.

पॉलिश झाल्यावर त्या जागेवर वॅक्स किंवा सिलंट लावा, म्हणजे पुढची धूळ थोडी घसरून जाईल. गिऱ्हाईक खर्च करणारं असेल तर पारदर्शक फिल्म सुचवा. गियरभोवतीच्या काळ्या पॅनलला तर फिल्मसारखा दुसरा इलाज नाही, तिथे रोज चावी, नाणी, मोबाईल आपटतात.

मशीन कधी, आणि गरमपणाचं गणित

हाताने जमायला लागलं, पाच-सहा गाड्या झाल्या, की मशीन. तेही डीए, म्हणजे ज्याचं पॅड फिरतं आणि डगमगतंही. रोटरी नको. रोटरी एकाच जागी एकाच दिशेने फिरते, सगळी उष्णता एका ठिपक्यात जाते. कडक हातात ते उत्तम हत्यार आहे, नव्या हातात नाही.

उष्णतेचं गणित असं. पोलाद उष्णता जेवढी पटकन वाहून नेतं, प्लास्टिक त्याच्या दोनशेव्या भागाइतकीही नेत नाही. बोनेटवर घासलं की गरमी पत्र्यात पसरते. प्लास्टिकवर ती तिथेच साचते. ॲक्रिलिक आणि एबीएस १०० अंशांच्या आसपास नरम व्हायला लागतात. मे महिन्यात दुपारी काळी पट्टी उन्हात आधीच हात न ठेववण्याइतकी तापलेली असते. म्हणजे तुम्ही मशीन टेकवायच्या आधीच अर्ध्याहून जास्त अंतर कापलेलं असतं. वरून घर्षण. मग पट्टीवर लाट उठते, किंवा रंगाचा थर सुटतो.

म्हणून सकाळी, शेडमध्ये. तीन इंची मऊ पॅड, सहापैकी दोन किंवा तीनवर वेग, मशीन पट्टीवर टेकवून मगच बटण दाबायचं, नाहीतर पॉलिश सगळ्या गाडीभर उडतं. सतत हलवत राहायचं, कडा आणि कोपरे सोडायचे, तिथे थर सगळ्यात पातळ असतो आणि पॅड तिथेच सगळ्यात जास्त दाबतं. दर दोन फेऱ्यांनी बोटांची मागची बाजू लावून बघा. कोमट चालेल. बोट मागे घ्यावंसं वाटलं तर मशीन खाली ठेवा, चहा पिऊन या.

आणि विजेचं. वॉशिंग सेंटरमध्ये जमीन ओली, हात ओले, वर एक्स्टेन्शन बोर्ड चिखलात. मीटरजवळ ३० मिलीॲम्पचा आरसीसीबी बसवून घ्या आणि अर्थिंग खरंच आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या. धुण्याची जागा आणि पॉलिशची जागा वेगळी. पायात रबरी चप्पल आहे म्हणून चालतंय, असं समजू नका. मशीन चालू असताना डोळ्यांवर चष्मा आणि नाकावर मास्क ठेवा, सुकलेल्या पॉलिशची पूड उडते.

दाणेदार काळं, आणि गावठी इलाज

आता बंपर, क्लॅडिंग, आरशांची काळी कव्हरं, वायपरखालची जाळी. बोलेरो, इको, पिकअप, आपल्याकडे रोज दिसणाऱ्या गाड्यांवर हेच जास्त. चार-पाच उन्हाळे गेले की ते राखाडी पडतं. कारण सूर्याच्या अतिनील किरणांनी पॉलिप्रोपिलीनच्या लांब साखळ्या वरच्या थरात तुटतात आणि खडूसारखा भुगा तयार होतो. आत अजून काळंच असतं. कंपन्या काळा रंग यायला आणि ऊन अडवायला कार्बन ब्लॅक म्हणजे काजळी मिसळतात, पण तिलाही मर्यादा आहे.

यावर गावात जे चालतं ते तुम्हाला माहीत आहे. डिझेल मारणं, जुनं इंजिन ऑइल, बूट पॉलिश, आणि अलीकडे रील बघून हीट गन. डिझेल आणि तेल मारलं की संध्याकाळपर्यंत काळंभोर दिसतं, दुसऱ्या दिवशी हायवेवरची सगळी माती त्यावर येऊन बसते, आणि शेजारचं रबर फुगतं. हीट गनने वरचा थर वितळून काळा दिसतो खरा, पण दाणे बुजतात, पार्ट वाकू शकतो, आणि ऊन लागलं की काही महिन्यांत पुन्हा राखाडी. मी हे कुणाला सुचवणार नाही.

साधा मार्ग असा. पाण्यात पातळ केलेला ऑल-पर्पज क्लीनर, मऊ ब्रश, चांगलं घासून धुणं. जुनं वॅक्स आणि भुगा निघाला पाहिजे. फडक्यावर काळा-राखाडी मळ यायचा थांबला की साफ झालं समजा. पूर्ण वाळू द्या. मग पाण्यावर आधारित ड्रेसिंग, स्पंजवर घेऊन, आणि दहा मिनिटांनी जादाचं पुसून टाकायचं. तेलकट, चिकट चमक म्हणजे चांगलं काम असं गिऱ्हाईकाला वाटतं, पण तीच चमक धूळ धरते. टिकाऊ हवं तर ट्रिमसाठीचं सिरॅमिक कोटिंग मिळतं. ते लावल्यावर काही तास तरी पाणी लागता कामा नये, म्हणून जून ते सप्टेंबर ते काम उघड्यावर घेऊच नका. आपल्याकडचा पाऊस विचारून येत नाही.

एक आतली गोष्ट. ड्रेसिंगमध्ये सिलिकॉन असतं. गाडी पुढच्या आठवड्यात पेंटिंगला जाणार असेल तर लावू नका. सिलिकॉन राहिलं की नव्या रंगात माशाच्या डोळ्यासारखी भोकं पडतात, आणि पेंटर तुमचं नाव घेऊन शिव्या घालतो.

हळद, हार आणि सेलोटेप

दसरा आणि लग्नसराई म्हणजे डिटेलरचा सीझन. दसऱ्याला गाडीला हळद-कुंकू, झेंडूचा हार. लग्नात वधू-वरांची गाडी फुलांनी मढवलेली, आणि ती फुलं सेलोटेपने चिकटवलेली, नेमकी त्या चकचकीत काळ्या खांबावर. उन्हात दोन दिवस राहिली की टेप निघते, गोंद राहतो.

हा गोंद काढायला पेट्रोल किंवा थिनर हातात घेतलं तर संपलं. ॲक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेटला असल्या द्रावकांनी बारीक भेगांचं जाळं पडतं, खास करून जिथे क्लिप किंवा स्क्रूचा ताण आहे तिथे. कधी लगेच दिसतं, कधी चार दिवसांनी, तुम्ही पैसे घेऊन मोकळे झाल्यावर. त्यापेक्षा गरम पाण्यात भिजवलेलं फडकं दोन मिनिटं ठेवा, गोंद नरम झाला की बोटाने गोळा करा. उरलेल्यावर खोबरेल तेलाचा एक थेंब, थोडं चोळून, लगेच शाम्पूने धुऊन टाका. रबराच्या बीडिंगला तेल लागू देऊ नका, आणि पारदर्शक प्लास्टिकवर फक्त गरम पाणी आणि शाम्पू.

हळदीचा डाग अजून मजेशीर. त्यावर साबणी क्लीनर मारला की तो लाल होतो, जसा पांढऱ्या शर्टावरचा होतो. घाबरू नका आणि घासूही नका. क्लीनर धुऊन टाका, पुन्हा पिवळा होईल. हळदीतलं कर्क्युमिन उन्हात तुटतं. साधा धुऊन गाडी दोन-तीन दिवस उन्हात उभी राहिली की डाग आपोआप फिका पडतो. कुंकवाचं मात्र तसं नाही. त्यात रासायनिक रंग असेल तर तो दाण्यांत मुरतो, म्हणून ओलं व्हायच्या आत कोरड्या मऊ ब्रशने झटकून काढायचं.

जिथे चमक आणायचीच नाही

हे मी मुद्दाम वेगळं सांगतोय, कारण इथे बिघडतं ते प्लास्टिक नाही. डॅशबोर्डवर चकाकणारं पॉलिश मारू नका. समोरून ऊन आलं की डॅशबोर्डचं प्रतिबिंब पुढच्या काचेत पडतं. कसारा घाटात किंवा माळशेजच्या वळणावर ड्रायव्हरला दोन सेकंद समोरचं नीट दिसलं नाही तर काय होऊ शकतं, ते मी सांगायला नको. डॅशबोर्ड मॅटच ठेवायचा. ओलसर फडकं, हलका क्लीनर, बस.

स्टिअरिंग, गियरचा गोळा, पेडल, इको-जीपच्या पायऱ्या, यांना कुठलंही सिलिकॉन लावायचं नाही. घसरतं. पावसात ओल्या चपलेने ब्रेक पेडलवरून पाय सुटणं ही थट्टा नाही. बटणांवर आणि स्क्रीनवर क्लीनर थेट फवारायचा नाही, फडक्यावर घ्यायचा. एअरबॅगच्या झाकणाच्या फटीतही पाणी जाऊ देऊ नका. हेल्मेटची काच पॉलिश करून द्या म्हणून कुणी आलं तर सरळ नवी घ्यायला सांगा, रात्री समोरच्या हेडलाइटने त्यात धुकं दिसतं.

हेडलाइटचं काय?

हा प्रश्न दर वेळी येतो. पिवळी पडलेली हेडलाइट घासून स्वच्छ होते का? होते. टूथपेस्टनेही थोडी होते, कारण टूथपेस्टमध्येही घासणारे कण आहेत. पण पॉलिकार्बोनेटवर कंपनीने ऊन अडवणारा कडक थर दिलेला असतो. पिवळेपणा म्हणजे तो थर खराब झालाय. तुम्ही घासून तो उरलासुरला थर काढलात आणि वरून नवीन यूव्ही कोटिंग लावलं नाही, तर काही महिन्यांत काच आधीपेक्षा वाईट पिवळी होणार, आणि या वेळी गिऱ्हाईक तुमच्याकडे येणार. ओल्या सँडपेपरने टप्प्याटप्प्याने घासणं, पॉलिश, आणि त्याच दिवशी कोटिंग, हे तिन्ही एकत्र जमत असेल तरच काम घ्या. नाहीतर म्हणा, "दादा, हे मी अजून करत नाही." गिऱ्हाईक रागावत नाही, उलट पुढच्या वेळी पट्टीचं काम तुमच्याकडेच आणतं.

सरावासाठी गिऱ्हाईकाची गाडी वापरू नका. भंगारवाल्याकडे फुटलेली ग्रिल, तुटलेला आरसा, एका टोकाला चिरलेली खांबाची पट्टी किरकोळ पैशांत मिळते. त्यातली एक पट्टी मुद्दाम जाळा. किती दाबल्यावर, किती वेळाने, कसा वास आल्यावर ती बिघडते, हे हाताला एकदा कळू द्या. मागे साच्यातली खूण असेल तर तिचा फोटो पट्टीच्या फोटोबरोबर फोनमध्ये ठेवा. अशा वीस-पंचवीस पट्ट्या झाल्या की गाडी शेडमध्ये शिरताना लांबूनच कळायला लागतं, हिला मशीन लावायचं की फक्त धुऊन द्यायचं.